चार नंबरची खोली

धाकटीने ग्रीसचे फोटो दाखवायला सुरुवात केली तेव्हा मी ताटं उचलत होते. ती उचलून मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. सासूबाई आमच्याकडे राहतात, म्हणून रविवारी धाकटीचं बिऱ्हाड आमच्याकडे जेवायला येतं. येताना ती फळं आणते, जाताना डबा नेते. त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि कोपऱ्यावरून दूध आणायला जातो तशा सुरात म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं होतायत, तर आम्ही ग्रीसला जातोय. तिथल्या बेटांवर छोटी छोटी हॉटेलं असतात, तसल्या एखाद्या हॉटेलात राहायचं."

"ठरलं कधी?" मी विचारलं.

"परवा. मी म्हटलं मला जायचंय, हा म्हणाला जाऊ."

बस, एवढंच. ती एक वाक्य बोलली, तो एक शब्द बोलला आणि ग्रीस ठरलं. ती दिराला अरेतुरे करते, हेही मला वीस वर्षं खुपत आलेलं आहे, पण ते वेगळं.

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून ते पांढरे घुमट आणि निळं पाणी पाहिलं. "जाऊन या गं," त्या म्हणाल्या, "वय आहे तोवर." धाकटी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि मी एकोणपन्नास. चार वर्षांत वय कुठे संपतं ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि मग माझे यजमान बोलले. ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात, स्वभावाने गरीब आहेत, आणि कोणाचं मन दुखवावं असं त्यांच्या मनातही येत नाही. म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागतं. "सगळं आमच्या हिला विचार," ते धाकटीला म्हणाले. "हिला साऱ्या जगाची माहिती आहे. स्वतःला कुठे जायची हौस नाही, पण माहिती मात्र विचारून घे."

हौस नाही. मी हातातली ताटं परत टेबलावर ठेवली.

मी एका प्रवास कंपनीत काम करते. कंपनी म्हणजे दोन टेबलं, माहितीपत्रकांचा एक स्टँड, काचेआडची साहेबांची खोली आणि बंद पडला की थापट मारून चालू करायचा प्रिंटर. एकोणीस वर्षं मी लोकांना जगभर पाठवते आहे. हॉटेलवाले कधीकधी एजंटांना फुकट बोलावतात, तेव्हा साहेब आपल्या बायकोला घेऊन जातात आणि आल्यावर मला चॉकलेट देतात. धाकटीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. मी ज्यांना प्रवासाला पाठवते, ते परत आल्यावर तिच्याकडे पाठ चोळून घ्यायला जातात. पैसा तिकडे जास्त आहे.

"या फोटोंत तुला सगळी गर्दीची ठिकाणं दाखवतायत," मी तिच्या फोनवर बोट ठेवून म्हणाले. "या घुमटासमोर फोटो काढायला अर्धा तास रांग असते. रोज जहाजं भरभरून माणसं येतात. जायचं तर लहान बेटावर जावं. दोन बोटी बदलाव्या लागतात, म्हणून गर्दी पोचत नाही. आणि जायचं मेच्या पहिल्या आठवड्यात. पाणी थंड असतं, पण डोंगर फुलांनी भरलेले असतात."

"मग कुठलं हॉटेल?" दीर म्हणाले.

इथे तरी थांबायला हवं होतं. पण मला ऐकणारी माणसं मिळाली होती, आणि मी बोलत गेले. एक अकरा खोल्यांचं हॉटेल आहे, पूर्वी तिथे कुंभाराचा कारखाना होता. मालकीण स्वतः बघते. उत्तरेकडच्या खोल्यांत वारा फार, दारं रात्रभर वाजतात. दोन नंबरची खोली मोठी, पण खाली स्वयंपाकघर आहे, पहाटेपासून भांडी वाजतात. घ्यायची तर चार नंबरची. तिच्या भिंती हाताने लिंपलेल्या आहेत, एकही कोपरा काटकोनात नाही. खिडकीत बसता येईल एवढा रुंद दगडी कट्टा आहे. सकाळी ऊन आधी त्या कट्ट्यावर येतं, मग जमिनीवर, आणि नऊच्या सुमाराला पलंगापाशी पोचतं.

सगळे कान देऊन ऐकत होते. सासूबाईसुद्धा.

"वहिनी, तुम्ही जाऊन आल्यासारखंच सांगता," धाकटी म्हणाली. "मग माझं ठरलं. मला चार नंबरच हवी."

चार नंबरची खोली मेच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नावावर होती.

ते असं. आमच्या धंद्यात खोल्या धरून ठेवायची पद्धत असते. गिऱ्हाईक अजून हो म्हणालेलं नसतं, तरी आपण आधीच नाव घालून खोली अडवतो, आणि मुदतीच्या आत रद्द केली की कोणी काही मागत नाही. मुदत उलटली की मात्र खोली पक्की होते आणि कार्डावरून पैसे जातात. सात वर्षांपूर्वी जानेवारीत, ऑफिसात कोणी नसताना, मी त्या हॉटेलात चार नंबरची खोली पाच रात्रींसाठी धरली. गिऱ्हाइकाच्या नावाने नाही, माझ्या; कार्डही घरचंच दिलं. मार्चच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत, सोडून दिली. पुढच्या जानेवारीत परत धरली. जानेवारी ते मार्च हे तीन महिने माझी तिकडे एक खोली असते. भाजी चिरताना, साहेबांची बोलणी खाताना, सासूबाईंच्या गोळ्या मोजताना मला ठाऊक असतं की तिथे माझ्या नावाची चिठ्ठी लागलेली आहे. हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे यजमान म्हणाले असते, अगं मग बोलायचं नाहीस का.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी बघितलं. त्या आठवड्यात बाकीच्या दहाही खोल्या गेल्या होत्या. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी प्रिंटरसुद्धा थापट न मारता चालू झाला. तरी रीतसर विचारलं असं दिसावं म्हणून मी ऑफिसच्या पत्त्यावरून मालकिणीला लिहिलं, दोन माणसांसाठी खोली मिळेल का. एका ओळीचं उत्तर आलं: क्षमा करा, त्या आठवड्यात एकही खोली शिल्लक नाही.

मी ते उत्तर जसंच्या तसं धाकटीला पाठवून दिलं. वर लिहिलं, 'बघ, फुल्ल आहे गं. वाईट वाटलं.'

वाईट कसलं, मला उकळ्या फुटत होत्या. आणि त्या आनंदात मी धंद्यातला पहिला नियम मोडला. गिऱ्हाइकाला हॉटेलचं पत्र कधी जसंच्या तसं पाठवायचं नसतं. त्यावर हॉटेलचा पत्ता असतो, आणि पत्ता मिळाला की गिऱ्हाईक आपल्याला वगळून थेट तिकडे लिहितं. नवीन पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी मी तिला हेच शिकवते. पण मला पुरावा द्यायचा होता. मी सांगितलेलं कमी पडलं असतं, ते 'नाही' तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं.

पुढच्या रविवारी ती रुंद काठाची टोपी घालून आली. घरात, जेवायला, टोपी. सासूबाईंनी ती स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात पाहिली आणि दोघी हसत सुटल्या. माझ्या डोक्यावर कोणी घालून पाहिली नाही. मी धाकटीसाठी शेजारच्या मोठ्या बेटावरचं तीनशे खोल्यांचं हॉटेल काढून ठेवलं होतं. तिथे सकाळी नाश्त्याला नंबर लावावा लागतो आणि पोहायच्या तलावाशी खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवतात.

"तुम्ही म्हणाल ते, वहिनी," ती म्हणाली. "पण जरा थांबू या का? मन त्या खोलीतून निघत नाही."

कोणाचं मन, कोणाची खोली. मी म्हटलं, थांब की, मला काय घाई.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. खरं तर लागायला हवी होती, जिंकले होते. पण डोळे मिटले की चार नंबरच्या खोलीत ती टोपी दिसायची, दाराआडच्या खुंटीला टांगलेली. सात वर्षं मी त्या खोलीत स्वतःचं एक सामान ठेवलं नव्हतं. ती एका आठवड्यात टोपी टांगून मोकळी झाली.

मार्च संपायला एक दिवस उरला होता तेव्हा भर दुपारी धाकटी ऑफिसात आली. ती आधी कधीच आली नव्हती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर ठेवली, आणि फोन काढून माझ्यासमोर टेबलावर सरकवला.

"मी त्या बाईंना लिहिलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं कोणी सोडली तर कळवा. त्यांचं उत्तर आलंय. वाचा."

मी वाचलं. मालकिणीने मोकळेपणाने लिहिलं होतं. धाकटीला आणि मला नवऱ्यांकडून मिळालेलं आडनाव एकच, ते पाहून तिला वाटलं असणार की घरातलंच आहे, लपवायचं काय. तिने लिहिलं होतं, तुमच्याच आडनावाच्या एक बाई सात वर्षं दर जानेवारीत चार नंबरची खोली धरतात आणि मार्चच्या शेवटच्या दिवशी सोडतात. तुमच्या नात्यातल्या असाव्यात. आम्हाला आता त्यांची सवय झाली आहे. एक एप्रिलला आम्ही ती खोली दुसऱ्यांना देतो. तेव्हा दोन दिवस थांबा, खोली तुम्हाला मिळेल. काळजी नसावी, त्या बाई कधी येत नाहीत.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

"फुल्ल नव्हतं म्हणजे," धाकटी म्हणाली.

"फुल्लच होतं. त्यातली एक माझी होती, एवढंच."

"मला सांगायचं ना. मी दुसरीकडे गेले असते."

"तुला सांगायचं आणि तू समजुतीने सोडून द्यायचीस, आणि घरभर सगळ्यांनी म्हणायचं, बघा, धाकटीचं मन किती मोठं."

काचेआड साहेब फोनवर कोणाला तरी समुद्राकडच्या खोलीचं महत्त्व पटवत होते.

"वहिनी, तुमचा माझ्यावर राग आहे का?"

"राग नाही," मी म्हणाले. आवाज खाली ठेवायचा होता, पण राहिला नाही. "जळते मी तुझ्यावर. तू घरात आल्यापासून जळते. तू म्हणतेस आणि होतं. तुला क्लिनिक काढायचं होतं, निघालं. तुला वेगळं राहायचं होतं, राहिलात. आता ग्रीस म्हणालीस, तर ग्रीस."

मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. तिने कपाळाला आठ्या घातल्या, जशी ती एखाद्याचा गुडघा हातात घेऊन कुठे दुखतं ते शोधताना घालत असेल. "तुम्ही कधी म्हणून पाहिलंत?" तिने विचारलं.

मी टेबलावरच्या टाचण्या डबीत भरायला लागले.

ती उठली. "उद्या सहा वाजल्यानंतर मी बघणार आहे. खोली रिकामी दिसली तर मी घेईन, तोंडदेखलं नको नको करणार नाही. आणि नाही दिसली, तर तुम्ही दोघं जा. तेवढे दिवस आईंना मी आमच्याकडे नेते. त्यांच्या गोळ्यांचं लिहून द्या फक्त." जाताना तिने शेजारच्या टेबलावरच्या आमच्या नवीन पोरीला कामाबद्दल दोन शब्द विचारले आणि दार हळू लावलं, कारण ते वाजतं हे तिच्या येतानाच लक्षात आलं होतं. असला चांगुलपणाही तिच्याच वाट्याला. मी मात्र खोटी पडले होते आणि वर टाचण्या भरत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वेळेवर गेले. एरवी खोली सोडायचं काम मी जेवणानंतर करते. एकदा बटण दाबायचं, खरंच रद्द करायचं का असा प्रश्न येतो, पुन्हा दाबायचं, आणि मग कप धुवायला जायचं. त्यात दुःख वगैरे करायची माझी पद्धत नाही.

त्या दिवशी दोन वाजता मी ते पान उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना विमानात खिडकीचीच जागा हवी होती. त्यांना खिडकी दिली. तीन वाजता परत उघडलं. धाकटी त्या दगडी कट्ट्यावर बसलेली मला दिसली. पाय वर घेऊन बसली होती. पायांचे फोटो काढेल ती, मागे समुद्र ठेवून. सकाळी ऊन पलंगापाशी पोचायच्या आत दिराला हाक मारून म्हणेल, अरे बघ, वहिनी म्हणाल्या होत्या तस्संच. म्हणजे माझं कौतुकसुद्धा तीच माझ्या खोलीत बसून करणार. मी पान बंद केलं.

चार वाजता साहेबांनी चार जोडप्यांच्या सहलीचं पत्रक करायला दिलं. पाचला ते झालं. साडेपाचला पोरगी गेली. मी परत पान उघडलं आणि बटणावर बाण नेऊन ठेवला.

मनाशी सगळं बरोबर मांडून पाहिलं. सात वर्षं सोडली, आठव्यांदा सोडायला काय होतं. सहानंतर खोली रिकामी दिसेल, ती घेईल, परत येईल, सासूबाईंना साबण आणेल, मला टेबलावर ठेवायचं काहीतरी आणेल. आणि त्या मालकिणीला एक एप्रिलला सकाळी कळेल की आपलं बरोबर होतं, त्या बाई आल्या नाहीत.

सहा वाजायला सहा मिनिटं होती, मग तीन, मग एक. माझा हात हलला नाही. उगाच कोणी याला धाडस म्हणू नये. मला ग्रीस दिसत नव्हतं, समुद्र दिसत नव्हता, मला फक्त ती तिथे नको होती. निव्वळ जळफळाट होता तो. त्याच्या जोरावर मी तशीच बसून राहिले, आणि सहा वाजून गेले.

पडद्यावरचं बटण नाहीसं झालं. तिथे एक ओळ आली की आपली खोली पक्की झाली आहे. एवढ्या वर्षांत ती ओळ मी गिऱ्हाइकांसाठी हजारदा पाहिली असेल. स्वतःचं नाव तिच्यावर कधी पाहिलं नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी धाकटीचा संदेश आला. 'दिसत नाहीये. बरं झालं. गोळ्यांचं लिहून ठेवा.' मी फोन उपडा ठेवला. आता जिंकल्याचं काहीतरी वाटायला हवं होतं. पण पुढे काय करायचं याचा मला पत्ता नव्हता.

फोन परत वाजला. यजमान होते. ते दुकानातून कधी फोन करत नाहीत.

"घाबरू नकोस," ते घाबरून म्हणाले. "आत्ता माझ्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला. आपल्या खात्यातून कोणीतरी पैसे काढलेत. ग्रीसमधून. हे चोर लोक कुठून कुठून काढतात बघ. मी बँकेला फोन करून कार्ड बंद करतो, तोवर तू कुठे वापरू नकोस."

खातं दोघांचं आहे, पण उघडलं त्यांनी होतं, म्हणून संदेश त्यांना जातात. सात वर्षांत एकदाही पैसे गेले नव्हते, त्यामुळे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

"कार्ड बंद करू नका," मी म्हणाले. "चोर नाही. मीच आहे."

"तू?"

"एक खोली घेतलीये. मे महिन्यात. पाच रात्री."

पलीकडे दुकानाचे आवाज येत होते. एक बाई तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या, चुकत होत्या, परत पहिल्या ओळीपासून सुरू करत होत्या.

"धाकटीची का?" ते म्हणाले. "त्यांचे पैसे आपण भरले?"

"नाही. माझी."

"अगं मग..." ते थांबले. त्यांचा आवाज बदलला, त्यात जरा हसू आलं. "म्हणजे आपण जायचंय? मला आधी बोलायचं नाहीस का. मला दुकानातून रजा घ्यावी लागेल. किती जणांचं आहे, दोघांचंच ना?"

सात वर्षांपूर्वी 'किती माणसं' या रकान्यात मी आकडा घातला तेव्हा चुकून घातला नव्हता. दर वर्षी तोच घालत आले. त्या कट्ट्यावर मी होते, ऊन होतं, आणि खोलीत मला काही विचारणारं कोणी नव्हतं. दोघांचं आहे असं आत्ताही म्हणता आलं असतं. दुसरं नाव मागाहून घालता येतं, तेही पैसे न भरता, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

"एकीचं," मी म्हणाले.

त्या बाई आता शेवटच्या ओळीपर्यंत आल्या होत्या. ती ओळ फार बारीक असते, कोणालाच नीट वाचता येत नाही. यजमानांनी त्यांना काहीतरी सांगितलं, थोडं थांबा असं असावं. मग ते परत फोनवर आले, तेव्हा त्यांच्या आवाजात ते हसू नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "मग बँकेला फोन करत नाही."

"नका करू," मी म्हणाले.